नाटकाचं चिलखत साच्यातून काढताना या चुका टाळा

ऐतिहासिक नाटकासाठी छातीचं कवच किंवा खांदेपत्रे करायचे ठरले की बरेच जण आधी साच्याचं सामान आणतात. इथेच पैसा वाया जातो. तुकडा कडक हवा की वाकणारा, हे आधी ठरवा. त्यावरून ओतायचं सामान ठरतं आणि मग साचा.

नक्षी नसलेल्या छातीपत्र्याला फायबरचाच, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि घट्ट होणारं पॉलिस्टर रेझिन यांचा, कडक साचा पुरतो, महागडं सिलिकॉन नको. नक्षी उठावाची असेल, मण्यांच्या खालून खाच आत जात असेल, तर कडक साच्यात तुकडा अडकतो. तिथे सिलिकॉनच हवं. गणपतीच्या कारखान्यांत पीओपीसाठी रबरी साचे चालतात म्हणून ते पॉलिस्टर रेझिनलाही चालतील असं नाही. रेझिनमधलं स्टायरिन हे द्रावक रबराला फुगवतं. हेच स्टायरिन थर्माकोल विरघळवतं, म्हणून थर्माकोल कोरून त्यावर थेट रेझिन लावू नका.

सिलिकॉन बाहेरून घट्ट झालं, पण मॉडेलला टेकलेली बाजू चिकटच राहिली? प्लॅटिनम जातीचं (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) सिलिकॉन गंधक असलेल्या प्लास्टिसिनवर, म्हणजे मॉडेलच्या तेलकट मातीवर, ओतलं की असं होतं. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही होतं. आधी त्याच मातीच्या गोळीवर चमचाभर ओतून बघा. टिन (कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या) जातीला हा त्रास कमी, पण तिथे हार्डनर (घट्ट करणारं द्रव्य) अंदाजाने थेंब टाकून चालत नाही. डब्यावर 3 टक्के लिहिलं असेल तर 500 ग्रॅमला 15 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. जास्त घातलं तर लवकर सेट होतं, पण साचा आकसतो आणि लवकर फाटतो.

फायबरच्या कामात एक चूक जिवावर बेतते: कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि रेझिनचा हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. 1 किलो रेझिनला साधारण 15 ग्रॅम हार्डनर. मे महिन्यात 10 ग्रॅमही पुरतो. त्याहून फार कमी केलं तर रेझिन कधीच नीट पिकत (पूर्ण कडक होत) नाही. स्टायरिनची वाफ कापडी मास्कने अडत नाही, रासायनिक वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लावा.

जेलकोटला (साच्यात सगळ्यात आधी लावायच्या रंगीत रेझिनच्या थराला) सुरकुत्या पडल्या तर तो पातळ लागलाय किंवा पुरेसा पिकण्याआधीच वर मॅट बसवलीय. बोट टेकवल्यावर चिकट लागावा, पण रंग बोटाला येऊ नये, मगच मॅट. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचे दोन थर लावले की सुमारे 2 मिलिमीटर जाडी मिळते. अंगावर घालायला तेवढी बास. मॅटची कड कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेले धागे एकमेकांत मिसळतात, सांधा उठून दिसत नाही. आतली बाजू किंचित चिकट राहिली तर लगेच हार्डनरला दोष देऊ नका. हवा लागल्यामुळे साध्या रेझिनचा वरचा थर तसाच राहतो. शेवटच्या थरावर पॉलिस्टर फिल्म चिकटवून ठेवा.

वाकणारे खांदेपत्रे लॅटेक्सचे (द्रव रबराचे) करायचे असतील तर पीओपीचा साचा कोरडा आणि कोराच ठेवा. मेण किंवा व्हॅसलिन लावलं की पीओपी पाणी शोषत नाही आणि लॅटेक्सचा थरच बसत नाही. लॅटेक्स ओतून अर्धा तास थांबा, उरलेलं परत डब्यात काढा. रंगवताना पितळी सोनेरी पावडर टाळा: त्यातलं तांबं लॅटेक्सला कालांतराने चिकट करून कुजवतं. त्याऐवजी अभ्रकाची सोनेरी पावडर वापरा.