सीमेवरच्या जिल्ह्याचा इतिहास कसा वाचावा: उदाहरण मॉनमथशरचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या घरी आजोबांच्या नावचे मुंबई राज्यातले मराठी उतारे आहेत आणि वडिलांच्या नावचे कन्नड. जमीन तीच. म्हणून वेल्समधल्या मॉनमथशरचा इतिहास मी फार जीव लावून वाचला. तुम्ही वाचायला घ्याल तेव्हा "हा जिल्हा इंग्लंडचा की वेल्सचा?" इथून सुरुवात करू नका. प्रत्येक संस्थेला हा प्रश्न वेगळा विचारा.

वहीत रकाने आखा: सन, न्यायालय, संसद, कायदा. १५३६ च्या कायद्याने सरहद्दीवरच्या सरदारांच्या जहागिरी मोडून हा जिल्हा तयार झाला. १५४३ मध्ये वेल्सच्या बारा जिल्ह्यांना 'ग्रेट सेशन्स' हे वेगळं न्यायालय मिळालं, त्यातून मॉनमथशर वगळलं गेलं. पुढे त्याचे खटले ऑक्सफर्डच्या फिरतीवरचे न्यायाधीश चालवू लागले. संसदेत इतर वेल्श जिल्ह्यांना एकेक जागा, याला दोन, म्हणजे इंग्लंडच्या जिल्ह्यांइतक्या. कायद्यांत 'वेल्स आणि मॉनमथशर' असे जोडशब्द येतात ते यामुळेच. ते दिसले की थांबून बघा, जिल्हा आत धरलाय की बाहेर ठेवलाय.

कायद्याच्या रकान्याला जास्त जागा ठेवा, माणसांचं रोजचं जगणं तिथेच कळतं. १८८१ साली वेल्समध्ये रविवारी पब बंद ठेवायचा कायदा झाला, पण तो मॉनमथशरला लागू नव्हता. ऱ्हिमनी नदीच्या पश्चिमेला ग्लॅमॉर्गनमध्ये रविवारी पब बंद, पूर्वेला मॉनमथशरमध्ये उघडे! १९२१ मध्ये तो मॉनमथशरलाही लागू झाला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडल्यावर नियम कसे बदलतात हे आपण बघतोच, म्हणून ही नोंद मला सर्वांत जवळची वाटते.

नकाशा घेताना साल आधी तपासा. १ एप्रिल १९७४ पासून 'ग्वेंट' या नावाने हा भाग वेल्समध्येच धरला गेला, तिथे वाद मिटला. १९९६ मध्ये मॉनमथशर हे नाव परत आलं, पण फक्त पूर्वेकडच्या भागाला. जुन्या जिल्ह्यातलं न्यूपोर्ट शहर त्यात नाही. जुन्या जिल्ह्याचे आकडे नव्या नकाशावर बसवू नका.

पुढचं पान आपल्या गावासाठी ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ च्या ओळीत खानापूरसमोर म्हैसूर राज्य येईल. चंदगडसमोर मुंबई राज्य, कारण तो तालुका तेव्हाच बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापूरला जोडला. घरातले उतारे समोर ठेवूनच ही ओळ भरा.