ताटाची डावी बाजू

कच्चं खाण्याची घोषणा मी एका रविवारी रात्री केली, आईने नुकताच वाढलेला वरणभात समोर असताना. "उद्यापासून मी शिजवलेलं खाणार नाही." आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग बायकोकडे वळून म्हणाली, "काय गं, भाजी खारट झाली होती का?"

तेव्हा पहिलं काम: घोषणा करू नका. घरात चार माणसं एकत्र जेवतात तिथे अन्न नाकारलं की करणारीला ते स्वतःला नाकारल्यासारखंच लागतं. जीवनसत्त्वांवर व्याख्यान देऊन ते पुसलं जात नाही. मी देऊन बघितलंय.

आम्ही लालबागला राहतो. एक बेडरूम, एक हॉल, पाच माणसं. उन्हाळ्यात डंकावर मसाला कुटायला गर्दी लोटते आणि भाजलेल्या मिरचीचा ठसका चौथ्या मजल्यापर्यंत येतो. पलीकडे चिवडा गल्ली. अशा वस्तीत गाजर चावत बसायला थोडा निगरगट्टपणा लागतो. माझा पहिला प्रयत्न नऊ दिवसांत आटोपला. चौथ्या दिवशी कच्चा कोबी आणि मटकीचा परातभर डोंगर संपवून पोस्टात गेलो. दुपारी तीनला काउंटरवर पोटाने असे काही आवाज काढले की रांगेतले एक आजोबा म्हणाले, "साहेब, जाऊन या, आम्ही थांबतो."

दुसरा प्रयत्न आता चौथ्या वर्षात आहे. यावेळी नवीन काहीच आणलं नाही. आपल्या ताटाची डावी बाजू बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. यातलं बरंचसं कच्चंच असतं. मी फक्त डावीकडचं वाढवत नेलं आणि उजवीकडचं कमी केलं. पहिल्या महिन्यात चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर झाली आणि तीन पोळ्यांच्या दोन. दुसऱ्या महिन्यात सकाळच्या कांदेपोह्यांऐवजी केळं, पेरू, भिजवलेले शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा. कुणी विचारलं नाही. सकाळी साडेसातला कोण काय खातंय हे बघायला मुंबईत कुणाला वेळ असतो? दुपारचा डबा बदलायला मात्र सहा महिने घेतले. पोटालाही तेवढे लागतात.

आता खरा प्रश्न, जो बायकोने दुसऱ्याच दिवशी विचारला होता: "अहो, पण चिरणार कोण?" कच्चं खाणं म्हणजे गॅस वाचतो आणि विळी थांबत नाही. पाऊण किलो भाजी रोज निवडायची, धुवायची, सोलायची, किसायची. हे घरातल्या बाईच्या गळ्यात टाकणार असाल तर कृपा करून पोळीभाजीच खा. मी पाच वाजता उठतो, ओट्यावर कुणी यायच्या आत माझं उरकतो, विळी धुऊन जागेवर ठेवतो. दादरहून भाजीही मीच आणतो, बुधवारी आणि शनिवारी. फ्रिजचा खालचा कप्पा माझा. त्याबाहेर माझं काही दिसलं तर आई ते उसळीत टाकते आणि तिचं बरोबरच आहे.

काकडी कोचवायला तिनेच शिकवलं. आधी देठाकडचं टोक कापून चाखायचं, कडू असेल तर तिथेच कळतं. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तोंडावर उभेआडवे दाट घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ कापायचा की बारीक चुरा खाली पडतो. किसलेल्या काकडीचं नुसतं पाणी होतं. कोचवलेली दाताखाली लागते. त्यात दाण्याचं कूट, खोबरं, मिरची, लिंबू. मीठ अगदी पानावर बसताना. कच्चं खाणारे कर्मठ लोक साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर तापलेलं काही घेत नाहीत, म्हणजे भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि जिऱ्याची फोडणी दोन्ही बाद. आईच्या मते फोडणीशिवाय कोशिंबीर म्हणजे गुरांचं खाणं. तोडगा सोपा निघाला: कूट कच्च्या दाण्यांचं करायचं आणि फोडणीची पळी उचलण्याआधी माझी वाटी बाजूला काढायची.

मटकीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण दात माझा तुटलाय. मटकीत कुचर दाणे असतात, कितीही भिजवा, फुगत नाहीत. उसळीत एखादा आला तरी आपण सावध चावतो. कच्च्या मटकीत बकाणा भरतो आणि खडा चावल्यासारखा आवाज येतो. म्हणून सकाळी भिजवलेली मटकी रात्री ताटात पसरा, दिव्याखाली धरा, न फुगलेले काळपट चकचकीत दाणे वेचून काढा. मग निथळून जुन्या पंच्यात बांधा आणि चाळणीत ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळपर्यंत मोड येतात, जानेवारीत दुपार उजाडते. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर सगळी टाकायची, हळहळायचं नाही. मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. म्हणून आईला, लहान मुलांना आणि गरोदर बाईला कच्चे मोड द्यायचेच नाहीत, त्यांच्या वाटणीला चांगली वाफ द्यायची.

जून ते सप्टेंबर मी स्वतःही मोड शिजवूनच खातो आणि पालेभाजी कच्ची खात नाही. पावसाळ्यात मुंबईत पालेभाजी कुठल्या पाण्यातून येते ते डोळ्यांनी बघितलं की तत्त्वज्ञान आपोआप नरम पडतं. त्या दिवसांत साल काढता येईल तेच कच्चं: काकडी, गाजर, बीट, केळं, पपई. शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्यात. एरवी कोबीची पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात बुडवायची, एकेक पान चोळून धुवायचं.

काही गोष्टी कुठल्याच ऋतूत कच्च्या खायच्या नाहीत. राजमा कच्चा किंवा अर्धा शिजलेला पोटात गेला तर काही तासांत उलट्या सुरू होतात. वाल कच्चे नकोत. अळू आणि सुरण चाखून बघायची हौस असेल तर घशात सुया टोचल्यासारखं होतं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हिरवट बटाटा तर शिजवूनही नको.

आणि भूक. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी असतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर आणि प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या काकडी-टोमॅटोवर राहणारा माणूस चारच्या सुमाराला वडापावच्या गाडीसमोर उभा सापडतो. मी सापडलोय. खोबरं, दाणे, तीळ, केळी हा पाया, बाकीचं वर. ब-१२ मात्र वनस्पतींतून मिळत नाही. मी रक्त तपासून घेतो आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतो. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर त्याला रोजचं शहाळं आणि पालक-बिटाचा रस परस्पर सुरू करून देऊ नका, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रात्री मी सगळ्यांबरोबर शिजवलेलं जेवतो. अर्धी भाकरी, भाजी, आमटी. कर्मठांना हे चालणार नाही. पण क जीवनसत्त्व शिजवताना घटतं हे जितकं खरं, तितकंच टोमॅटोतलं लायकोपिन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शिजवल्यावर अंगी जास्त लागतं हेही खरं. आणि गांधीजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, तोही आमांश झाल्यावर सोडला. माझ्याकडून त्यांच्यापेक्षा जास्त निश्चयाची अपेक्षा ठेवू नये, असं मी मुलीला सांगितलंय. ती मला "सलाड काका" म्हणते.

गणपतीत उकडीचे मोदक खातो, मोजत नाही. चैत्रात मात्र दिवस माझे असतात. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, कैरी किसून घालायची, मिरची, कोथिंबीर, खोबरं. वर्षातून एकदा हळदीकुंकवाला अख्ख्या बिल्डिंगीतल्या बायका आमच्या घरी बसून न शिजवलेलं खातात आणि रेसिपी विचारतात. आई त्यांना फोडणीसकट सांगते.

नातेवाइकांकडे गेलात तर आहार सांगू नका. पानात येईल ते थोडं थोडं घ्या, डावीकडचं आधी संपवा आणि यजमानीण भात घेऊन आली की विचारा, "वहिनी, कोशिंबीर आहे का अजून?" बहुतेक घरी नसते. मग त्या आतून एक काकडी घेऊन येतात आणि म्हणतात, "थांबा हं, पाच मिनिटं." विळी तुम्ही मागून घ्या.