जेट स्कीला जादा बिल्ज पंप बसवताय? वायर थेट बॅटरीवरून घ्या

तारकर्ली, मालवण, कळंगुट, बागा, कुठल्याही किनाऱ्यावर दुपारी बघा, गिऱ्हाईक नसलं की जेट स्की इंजिन बंद करून पाण्यात नांगरून ठेवलेली असते, आणि तिच्या बुडात पाणी साठायचं असेल तर ते नेमकं तेव्हाच साठतं. बऱ्याच जेट स्कींना कंपनीकडून येतो तो बेलर म्हणजे साधी सायफन नळी असते, जेटमधून पाणी जोरात मागे फेकलं जातं तेव्हा तिथे ओढ तयार होते आणि त्या ओढीने बुडातलं पाणी बाहेर जातं. इंजिन बंद, की ओढ बंद. म्हणून जादा बिल्ज पंप, म्हणजे बुडातलं पाणी बाहेर फेकणारा विजेवरचा पंप, घालायचा तर तो इंजिन बंद असताना, चावी काढलेली असताना, आसपास कोणी नसताना चालला पाहिजे, खालचं सगळं वायरिंग याच एका गोष्टीसाठी आहे.

पंप १२ व्होल्टचा, ५०० जीपीएचचा (तासाला ५०० गॅलन) बास होतो. म्हणजे तासाला साधारण १९०० लिटर, पण हा आकडा पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचा, पाईप जितका वर चढेल आणि जितका वळेल तितकं पाणी कमी पडतं. असा पंप साधारण २ अँपिअर खातो. जेट स्कीची बॅटरी मॉडेलप्रमाणे १८ ते ३० अँपिअर-अवरची, म्हणजे १८ वाली कागदावर ९ तास पंप चालवेल, पण इंजिन स्टार्ट करायला पण करंट शिल्लक लागतो ना, तेव्हा प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच धरा. फार मोठा पंप घेऊन बॅटरी उतरवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

कामाला हात घालायच्या आधी सीट काढून इंजिनची जागा चांगली हवेशीर होऊ द्या, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बुडात जाऊन बसते, तिथे एक ठिणगी पुरते. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो कुठून येतोय ते शोधा, पंप नंतर. मग बॅटरीची मायनस आधी सोडा, प्लस नंतर, जोडताना उलटं.

पंपाची जागा मागे, सगळ्यात खोलगट भागात, पण फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब. बुडाला स्क्रू मारू नका!! बेस एपॉक्सीने चिकटवा. सी-डू स्पार्कसारखी पॉलिटेकची बॉडी असेल तर ते प्लॅस्टिक आहे, त्याला एपॉक्सी किंवा सीलंट नीट धरत नाही, तिथे बेस अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून पट्टी आधीपासून असलेल्या बोल्टला धरवा. पाण्याचा पाईप पाऊण इंची, आतून गुळगुळीत, सतत वर चढत जाणारा असावा, मध्ये झोळ पडला की तिथे पाणी राहतं, हवा अडकते आणि पंप नुसता घूं घूं करत बसतो. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाकू नका, त्याने पण हवा अडकते. बाहेर निघायचं भोक पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, आणि ही रेषा दोन माणसं बसल्यावरची धरायची, रिकाम्या स्कीची नाही. फायबरच्या बॉडीला या भोकाभोवती सिकाफ्लेक्स २९१ सारखं मरीन सीलंट लावा. प्लॅस्टिकच्या बॉडीला रबर वॉशर आणि मागून नट घट्ट.

आता वायरिंग. वायर टिन केलेल्या तांब्याची घ्या, १.५ चौ. मिमी पुरते. घरातल्या फिटिंगची साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, बाहेरून कळतही नाही. बॅटरीच्या प्लसवर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), तिथून वीतभर अंतराच्या आत वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर, फ्यूज पंपावर किंवा त्याच्या कागदावर लिहिलाय तितकाच, मोठा टाकलात तर अडकलेला पंप जळेल तरी फ्यूज उडणार नाही. फ्यूजनंतर वायरचे दोन फाटे करा, एक फ्लोट स्विचला (पाणी वाढून तरंगता भाग उचलला की आपोआप चालू होणारा स्विच), दुसरा हाताने चालवायच्या स्विचला. दोन्हींची दुसरी टोकं एकत्र करून पंपाच्या प्लसला. पंपाची मायनस सरळ बॅटरीच्या मायनसला, इंजिनच्या बोल्टला नाही. साध्या फ्लोट स्विचच्या दोन वायरी कुठल्याही बाजूने चालतात, पण पंपाच्या उलट्या जोडल्या तर तो उलटा फिरतो, आवाज येतो पण पाणी फार कमी जातं, त्यामुळे पाणी कमी वाटलं की आधी तेच बघा.

ऑटो-ऑफ-मॅन्युअल असा तीन पायऱ्यांचा स्विच मिळतो, पण मी तो भाड्याच्या स्कीला मुद्दाम टाळायला सांगेन, कोणाचा हात लागून ऑफ झाला तर सगळं फुकट. फ्लोटची लाईन कायम चालू राहू दे, बंद करायचीच असेल तर फ्यूज काढा. बुडातल्या पाण्यात तेल दिसलं तर तेच करायचं, आधी फ्यूज काढा, तेल कापडाने टिपून घ्या, समुद्रात जाऊ देऊ नका. हाताचा स्विच वॉटरप्रूफ आणि इंजिनच्या जागेबाहेर, ग्लोव्हबॉक्समध्ये वगैरे. कंपनीच्या हार्नेसमधून, म्हणजे मूळ वायरींच्या जुडग्यातून, लाईन कधी चोरू नका, नव्या मॉडेलमध्ये सगळं ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जोडलेलं असतं, भलतेच एरर येतात आणि वॉरंटीचं भांडण होतं ते वेगळं.

सगळे जॉइंट क्रिंप करून गोंदवाल्या हीट श्रिंकने बंद करा आणि जमेल तितके वर ठेवा, नुसती काळी टेप मारू नका. प्लसचा उघडा जॉइंट पाण्यात बुडाला तर तांबं बघता बघता हिरवं होऊन खाल्लं जातं. वायरी दर वीतभरावर टायने बांधा, शाफ्ट आणि गरम भागापासून लांब.

फ्लोट पंपाच्या तळाच्या पातळीला किंवा थोडा वर, खाली बसला तर पंप कधी बंदच होणार नाही आणि सकाळी बॅटरी गेलेली. टेस्ट ट्रेलरवर करा, ड्रेन प्लग लावून, चावी काढून, बादलीने पाणी ओता. फ्लोट उचलला की पंप सुरू, पाणी गेलं की बंद, मल्टीमीटर लाईनमध्ये लावून करंट पण बघा.

शेवटचं एक काम बरेच जण सोडतात, ते म्हणजे पंपाच्या प्लस-मायनसला समांतर १२ व्होल्टचा छोटा एलईडी, हँडलजवळ दिसेल असा. चांगला पंप गळती लपवतो. एलईडी सारखा लागायला लागला तर कार्बन सील (शाफ्ट बॉडीतून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारं सील) झिजलंय, नाहीतर कुठली क्लिप सुटलीय, स्की वर काढून बघा. जून ते ऑगस्ट स्की किनाऱ्यावर असते तेव्हा फ्यूज काढून ठेवा, आणि सीझन सुरू करताना तो परत घालून, पंपाच्या जाळीतली वाळू नि प्लॅस्टिकचे तुकडे काढून, फ्लोट हाताने उचलून बघा.