जेलीचा डबा उपडा करायचा, पण असा

तेलावर जड द्रव ओतला की तो बोटं काढत खाली घुसतो. रेले-टेलर अस्थिरतेचा हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात सगळेच मांडतात. जेलीची गंमत वेगळी आहे, कारण तिला स्वतःचा ताठपणा असतो. विरजण छान लागलं की आई दह्याचं भांडं उपडं करून दाखवते, तसा जेलीचा थरही लटकून राहतो. मात्र थर एका हद्दीपलीकडे जाड झाला की उपड्या पृष्ठभागावर फुगवटे उतरतात आणि न पडता तसेच लोंबत राहतात.

चौकोनी, सपाट तळाचे तीन प्लास्टिकचे डबे घ्या, निदान २५ सेंमी रुंद. करवतीने कडा १, २ आणि ३ सेंमी उंचीवर कापा. आतून सँडपेपर मारा. साच्याला तूप लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; इथे जेली चिकटूनच राहायला हवी. चायना ग्रासही नको, ते ठिसूळ असतं आणि सरळ तडकतं. जिलेटिनच वापरा, ते प्राणिजन्य असतं हे प्रदर्शनात आधी सांगून टाका.

लिटरला १० ग्रॅम जिलेटिन गार पाण्यात भिजवा, कोमट करून विरघळवा, उकळू नका. डबे काठोकाठ भरा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

आता माझं घोडं जिथे अडलं होतं ते. फ्रान्समधल्या सर्ज मोरा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की घनता, गुरुत्वत्वरण आणि जाडी यांच्या गुणाकाराला जेलीच्या दृढतेने (म्हणजे आकार बदलायला ती किती विरोध करते त्या मापाने) भागल्यावर उत्तर साधारण ६ च्या वर गेलं की थर अस्थिर होतो. २ सेंमी थराला हा गुणाकार सुमारे २०० पास्कल, म्हणजे दृढता ३० पास्कलच्या आसपास हवी. खायची जेली याच्या कितीतरी पट कडक असते. मी आधी दर डब्याला वेगळं मिश्रण करत बसलो. एकाही डब्यावरून काही कळलं नाही, कारण जिलेटिन ब्रँडप्रमाणे बदलतं आणि तासागणिक घट्ट होत जातं. म्हणून मिश्रण एकच, सेट करायची वेळ एकच, बदलायची ती फक्त जाडी. तिन्ही डबे सपाट राहिले तर पुढच्या खेपेला जिलेटिन कमी करा, तिन्ही गळाले तर वाढवा.

दुसरी अडचण उलटण्याची. हवेत उलटताना हात जरा जरी हिसकला तरी तेवढ्या झटक्याने जेली सुटते. पहिल्या खेपेला दीड लिटर माझ्या चपलांवर आली. तेव्हापासून मी बर्फाचं पाणी भरलेल्या टबात डबा बुडवूनच उलटतो. जेली आणि पाण्याची घनता जवळपास सारखी, त्यामुळे आत तिला वजनच जाणवत नाही. हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. मग एक कड किंचित आधी वर घेत सावकाश बाहेर काढा. पाणी सुटतं त्याच क्षणी फुगवटे उतरू लागतात.

दोन फुगवट्यांमधलं अंतर मोजा, ते जाडीच्या साधारण तिप्पट भरतं. डबा अरुंद असेल तर एकच पोट सुटतं आणि मोजायला काही उरत नाही. शेवटी डबा पुन्हा सुलटा करा. पृष्ठभाग गुळगुळीत झाला तर ते लवचिकतेचं काम. खळगे राहिले तर जेली आतून फाटली किंवा वाहिली. तो डबा मोजणीत धरू नका.