हझान व्हायचंय? आधी ती देवनागरी वही बंद करा

"आवाज गोड आहे तुझा, हझान हो," असं मला मशिदीतल्या निम्म्या लोकांनी सांगितलं होतं. (हझान म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, सिनेगॉगमध्ये, प्रार्थना गाऊन चालवणारा. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे मराठी ज्यूंत, सिनेगॉगला मशीदच म्हणायची पद्धत.) आवाज हा या कामातला सगळ्यात सोपा भाग, हे मात्र कुणीच बोललं नाही.

माझी घोडचूक एकच. अख्खा परशा, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग, देवनागरीत उतरवून पाठ केला. प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरांच्या खुणा असतात, तिथे निभावलं. पण सेफेर तोरात, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीत, चामड्यावर नुसती व्यंजनं. ना स्वर, ना चालीच्या खुणा. समजा, 'कमल', 'कमाल' आणि 'कोमल' तिन्ही 'कमल' असेच लिहिलेत. कुठे काय ते वाचणाऱ्याने आधीच जाणायचं. तिसऱ्या ओळीत माझी जागा सुटली. चांदीची यद (ओळ दाखवायची काडी) एका शब्दावर, तोंड भलत्याच. वर दालेतच्या जागी रेश वाचलं. ही दोन हिब्रू अक्षरं दिसायला जुळी. 'देव एक आहे' सांगणाऱ्या शमा प्रार्थनेच्या पहिल्या ओळीतलं शेवटचं दालेत तोरात मोठं लिहितात. ते रेश वाचलं तर 'एहाद'चं 'अहेर' होईल; देव एक नव्हे, दुसरा! (आपला लग्नातला अहेर नव्हे.)

शिकवणाऱ्या काकांनी सगळ्यांदेखत मोठ्याने अडवलं. अर्थ बदलला की तिथेच दुरुस्त करायचं, असा नियमच आहे. तरी त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

म्हणून तिकून हे सरावाचं पुस्तक घ्या: एका रकान्यात खुणांसकट मजकूर, शेजारी तोच तोरासारखा उघडा. उघडा रकाना रोज वाचा. जमतं, सहा महिन्यांत जमतं, घाबरू नका. यूट्यूबवरच्या न्यूयॉर्कच्या ताना मात्र सोडा. तुमच्या चालीत म्हाताऱ्यांना सूर मिसळता आला नाही, तर ती चाल काय कामाची? आणि नुसती वाहवा करणारा गुरू नकोच.

पोट यावर भरत नाही, नोकरी सोडू नका. योम किप्पूरला, आमच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाला, पाच प्रार्थना, पंचवीसेक तास पाण्याचा थेंब नाही. पहिल्याच प्रार्थनेत गळा ताणलात तर संध्याकाळच्या नेइलाला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, आवाज उरणार नाही.

आणि शुक्रवारी दुपारीच फोन लावा. दहा पुरुष जमले नाहीत तर तोरा उघडत नाही, कद्दिश ही प्रार्थनाही होत नाही. प्रत्येकाला सांगायचं, "तुझ्यावाचून दहा होत नाहीत." बहुतेक वेळा ते खरंच असतं.