दुसऱ्या पीसीवर लिनक्स इन्स्टॉल होत नाहीये? आधी अडतंय कुठे ते बघा

जुना पीसी गेला, बदल्यात सेकंडहँड ऑफिसवाला डेस्कटॉप आणला, त्यावर मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचेच प्रकार) टाकायला घेतलं आणि मधेच अडलं की बहुतेक जण परत पहिल्यापासून इन्स्टॉल करतात आणि परत तिथेच अडतं. असं नका करू, कुठल्या पायरीवर थांबलं ते बघा, तिथेच उत्तर असतं. आणि डिस्कवर कामाचं काही असेल तर लाईव्ह पेनड्राईव्हने (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच चालतं) बूट करून आधी ते बाहेर काढा, प्लीज.

पेनड्राईव्हवरून बूटच होत नसेल तर आयएसओचा (डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाईलचा) चेकसम, म्हणजे फाईल पूर्ण आहे का ते तपासायचा कोड, जुळवा, डाउनलोड अर्धवट झालेलं असू शकतं, आणि फाईल नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा बलेना एचरने लिहावी लागते. सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारं सेटिंग) उबुंटू, मिंट, फेडोराला सहसा आडवं येत नाही, आर्चसाठी मात्र बंद करावं लागतं. ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या लिनक्सच्या) मेनूनंतर स्क्रीन काळी पडली (एनव्हिडिया कार्ड असेल तर हमखास संशय घ्या) तर मेनूवर ई दाबून लिनक्सने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) टाइप करा आणि एफ१० दाबा.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रकार, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क मेली असं समजून लगेच नवीन आणू नका! इंटेलच्या बऱ्याच मशीनमध्ये बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क कशी चालवायची ते सेटिंग, रेड किंवा आरएसटीवर असतो, तो एएचसीआय करा, डिस्क दिसायला लागते. पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क लॉकची) रिकव्हरी की लिहून घ्या, विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगा आणि मगच मोड बदला, नाहीतर निळी स्क्रीन येते.

कॉपी होताना मधेच एरर आली तर पेनड्राईव्ह आणि पोर्ट बदलून बघा, तरी तेच असेल तर मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची) एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा.

इन्स्टॉल पूर्ण झालं पण रीस्टार्टनंतर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतोय? बूट मेनूत पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, एक साधा आणि एक यूईएफआयवाला (बूट करायची नवी पद्धत), तुम्ही साध्याने म्हणजे लेगसीने (जुन्या पद्धतीने) इन्स्टॉल केलं आणि मशीन यूईएफआयवर असलं की असं होतं. जुन्या पीसीची डिस्क उचलून इकडे लावली असेल तर कारण वेगळं, यूईएफआयची बूट एंट्री डिस्कवर नाही तर मदरबोर्डवर साठवलेली असते, त्यामुळे नव्या मशीनला तिचा पत्ताच नसतो. अशा वेळी लाईव्हमधून बूट रिपेअर (बूट दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवलं की बहुतेकदा काम होतं, परत इन्स्टॉल करायची गरज नाही.

आणि बायोसमधली तारीख बघाच, जुन्या मशीनचा सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरची छोटी गोल बॅटरी) संपलेला असला तर पॉवर काढली की सेटिंग डिफॉल्टवर जातं, एएचसीआय केलेलं परत रेड होऊ शकतं, आणि तारीख मागे गेली की अपडेटही एरर देतं.