१४, १६ की १८ इंच? गेमिंग लॅपटॉपचा आकार ठरवताना

गेमिंग लॅपटॉप घेताना बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात, मग बजेट, आणि आकार सगळ्यात शेवटी. खरं तर आकार आधी ठरवायला हवा. बॉडी केवढी आहे त्यावर आतली किती उष्णता बाहेर टाकता येईल हे ठरतं, आणि तेवढीच वीज कंपनी त्या कार्डाला देते. म्हणून एकाच नावाचं कार्ड दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या वेगांनी चालतं, आणि जाहिरातीत दोघांवर स्टिकर मात्र तोच असतो.

आधी इंचांचा घोळ सोडवू. हे इंच पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. १५.६ आणि १७.३ ही जुनी मापं, १६:९ (रुंदी १६ तर उंची ९) पडद्यांची. १४, १६ आणि १८ इंची पडदे आता बहुतेक १६:१० येतात, म्हणजे थोडे उभट. १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ उंच असतो. १६ इंची पडद्याची रुंदी तेवढीच, पण उंची २१.५. गंमत अशी की १७.३ इंचीची उंचीही २१.५ सेंटीमीटरच भरते. म्हणजे जुना १७.३ सोडून १६ घेतला तर पडदा फक्त बाजूंनी कमी होतो. १४ इंची पडदा ३०.२ बाय १८.९, आणि १८ इंची ३८.८ बाय २४.२. काही जुने गेम आणि मधले कट-सीन १६:१० पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतात. त्यात बिघाड काही नाही.

वॉट बघा, नाव नंतर

उत्पादनाच्या पानावर ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ असा आकडा शोधा, म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वॉट वीज मिळते तो. एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वॉटचं असू शकतं. ‘११५ + २५’ असं लिहिलेलं दिसलं तर वरचे २५ डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्यातून उसने घेतलेले. आकडा कुठेच दिला नसेल तर तो कमी आहे असं धरून चला. जास्त वॉट असलेली कंपनी ते लपवत नाही.

पण जास्त वॉट म्हणजे तितकाच जास्त वेग असंही नाही. आरटीएक्स ४०५०, ४०६० आणि ४०७० ही कार्डं साधारण १०० वॉटच्या पुढे फारशी वाढत नाहीत, कारण त्यांच्या व्होल्टेजची मर्यादा आधी येते. म्हणून ९० वॉटचं ४०६० असलेला १४ इंची लॅपटॉप १४० वॉटच्या १६ इंचीपेक्षा थोडाच मागे राहतो. ४०८०, ४०९० किंवा त्यानंतरच्या ५०८०, ५०९० ला मात्र दिलेला प्रत्येक वॉट उपयोगी पडतो. तेच कार्ड पातळ बॉडीत कोंबलं की भरलेल्या पैशांचा मोठा भाग वाया जातो. थोडक्यात, नावात ६० किंवा ७० असेल तर लहान आकार चालेल. नावात ८० किंवा ९० असेल तर १६ ची जाड बॉडी नाहीतर १८ घ्या. ५०८० असलेला पातळ १४ इंची दिसायला भारी असतो, पण त्या किमतीत मध्यम कार्डाचा १६ इंची आणि वर एक चांगला मॉनिटर येईल.

लहान लॅपटॉपची खरी अडचण फ्रेमरेटपेक्षा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यापेक्षा) आवाज आणि कळांखालचा ताप ही आहे. छोटे पंखे तेवढीच हवा फेकायला जास्त वेगाने फिरतात, त्यांचा सूर चढा होतो आणि कानाला बोचतो. १४ इंचीमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम राबले की दोघांचे वॉट वाटून घेतले जातात. फक्त कार्डावर ताण देणाऱ्या गेममध्ये हे कळत नाही. मोठ्या लढाईच्या सीनमध्ये, किंवा गेमसोबत स्ट्रीमिंग चालू असताना, फ्रेम अचानक पडतात.

आता आपल्याकडचा उन्हाळा. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालवावा असं नमूद करतात. चंद्रपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं आणि एसी नसलेली खोली सहज ३८ ला जाते. खोली १० अंशांनी तापली की आतलं तापमानही जवळजवळ तेवढंच वर सरकतं. २५ अंशांत कार्ड ७८ वर स्थिर राहत असेल तर मे महिन्यात ते ९० कडे निघेल, आणि ८५ ओलांडल्यावर बहुतेक लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात. विदर्भात-खानदेशात एसीशिवाय खेळणार असाल तर १४ इंचीचा विचार सोडा. पुण्यात किंवा एसीच्या खोलीत हा मुद्दा बराच सौम्य होतो.

वजन चार्जरसकट मोजा

१४ इंची गेमिंग लॅपटॉप दीड ते पावणेदोन किलोचा असतो. आसुसचा झेफिरस जी१४ हे २०२४ चं मॉडेल दीड किलोचं आहे. १६ इंची साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलो. १८ इंची तीन किलोच्या वर, एमएसआयचा टायटन १८ तर साडेतीनच्याही पुढे. या आकड्यांत चार्जर धरलेला नसतो. १८० वॉटचा चार्जर अर्ध्या किलोच्या आसपास, पण ३३० वॉटचा वीटभर चार्जर केबलसकट एक किलो किंवा त्याहून जास्त. म्हणजे १६ इंची ‘अडीच किलोचा’ लॅपटॉप पाठीवर साडेतीन किलो होतो, आणि त्यावर डबा, पाण्याची बाटली, वह्या. सकाळच्या विरार किंवा कल्याण लोकलमध्ये बॅग पुढे छातीशी धरून उभं राहायचं असेल तर हा एक किलो रोज जाणवतो.

बॅगेचं मापही घ्या. ‘१५.६ इंच’ लिहिलेल्या बॅगेत १६ इंची पुष्कळदा बसतो, पण गेमिंग बॉडीची खोली २६-२७ सेंटीमीटर असते आणि मागच्या बाजूला हवेच्या जाळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे चेन अडकते. १८ इंचीची बॉडी ४० बाय ३० सेंटीमीटरच्या घरात जाते. त्यासाठी १७-१८ इंचांची खास बॅग लागते, आणि कॉलेजच्या छोट्या बाकावर तो उघडला तर शेजाऱ्याला वही ठेवायला जागा उरत नाही. घरच्या टेबलाची खोलीही मोजा: ४५ सेंटीमीटरच्या अभ्यासाच्या टेबलावर १८ इंची ठेवून मागे हवेसाठी १० सेंटीमीटर सोडले की मनगट टेकवायला जागा नाही.

रोज ने-आण असेल तर १४. आठवड्यातून एक-दोनदा असेल तर १६. आणि वर्षातून दोनदा, दिवाळी-उन्हाळ्यात गावी जाताना असेल, तरच १८.

प्लग, अर्थिंग, बॅटरी

काही मोठ्या मॉडेलांसोबत १६ अँपियरचा, जाड पिनांचा प्लग येतो. हॉस्टेलच्या खोलीत बहुधा ६ अँपियरचे साधे सॉकेटच असतात. ३३० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर दीड अँपियरच्या आसपासच घेतो, त्यामुळे चार्जरकडचं टोक तेच असलेली, चांगल्या कंपनीची ६ अँपियरची केबल लावली तरी चालते. तिसरी पिन मात्र तोडू नका आणि दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावू नका. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अर्थिंग नसतं. तिथे धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. तो लॅपटॉपचा दोष समजून लोक सर्व्हिस सेंटरला खेटे घालतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

वीज गेल्यावर काय होतं तेही समजून घ्या. बॅटरीवर कोणताही गेमिंग लॅपटॉप कार्डाची वीज एकदम उतरवतो, गेम चालू राहतो पण फ्रेम निम्म्यावर येतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. १४ इंची त्यावर सुखाने चालतो, पण १८ इंची आणि बाहेरचा मॉनिटर मिळून तो लगेच ओव्हरलोड दाखवेल. घरच्या इन्व्हर्टरवर खेळणार असाल तर तो साइन वेव्ह आहे ना बघा. स्क्वेअर वेव्हवर चार्जर गुणगुणतो आणि तापतो.

‘मोठा लॅपटॉप, मोठी बॅटरी’ हा हिशेब इथे लागू नाही. विमानात परवानगी न घेता नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, म्हणून १८ इंचीलाही ९९ च्या आसपासच बॅटरी मिळते. मोठा पडदा आणि जास्त खाणारा प्रोसेसर तीच बॅटरी लवकर संपवतात. लेक्चरला चार्जर न नेता जायचं असेल तर ७०-७५ वॉट-अवरचा १४ इंची बरा. त्यातही टाइप-सी वरून चार्ज होणारा शोधा. १०० वॉटचा टाइप-सी चार्जर लिहिण्या-वाचण्याला, कोडिंगला पुरतो. त्यावर गेम लावला तर चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरत जाते, आणि तो बिघाड नव्हे, साधी वजाबाकी आहे.

पडदा आणि रिझोल्यूशन

१६ इंचावर २५६० बाय १६०० हे जमून आलेलं माप आहे. अक्षरं रेखीव दिसतात आणि मध्यम कार्डालाही डीएलएसएसच्या (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या एनव्हीडियाच्या सोयीच्या) मदतीने पेलतं. १८ इंचावर १९२० बाय १२०० घेऊ नका, ठिपके मोजता येतील. उलट १४ इंचावर २८८० बाय १८०० चा ओएलईडी पाहायला सुरेख असतो, पण ८ जीबी व्हीरॅमच्या (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या) कार्डाने त्यावर नवे गेम पूर्ण रिझोल्यूशनला चालवायची अपेक्षा ठेवू नका. खेळताना रिझोल्यूशन खाली आणा किंवा डीएलएसएस लावा. स्वस्त १५.६ इंचीमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचं माप) लिहिलेलं दिसलं तर रंग फिके असतात, हिरवा आणि लाल धुतल्यासारखे. गेमसोबत व्हिडिओ एडिटिंगही करणार असाल तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेलाच घ्या.

आणि १८ इंचीकडे मन ओढत असेल तर एकदा हा पर्याय मांडून बघा: १६ इंची लॅपटॉप आणि घरी २७ इंची १४४० रिझोल्यूशनचा मॉनिटर. खेळायला पडदा १८ पेक्षा कितीतरी मोठा, मान सरळ, आणि बाहेर जाताना किलोभर ओझं कमी. मॉनिटर लावताना जे पोर्ट थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं आहे त्यातच लावा, साधारणपणे ते एचडीएमआय असतं. १८ इंची खरोखर शोभतो तो दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडे टेबल आहे पण डेस्कटॉप हलवायची सोय नाही.

रॅमचं आधीच बघून घ्या. १४ इंचीमध्ये रॅम बहुधा बोर्डावर सोल्डर केलेली असते, झेफिरस जी१४ आणि एचपीच्या ओमेन ट्रान्सेंड १४ मध्ये तसंच आहे. १६ जीबी घेतली की कायमची १६. तिथे ३२ जीबीचंच मॉडेल घ्या. १६ आणि १८ मध्ये बहुतेकदा दोन स्लॉट आणि एसएसडीसाठी दोन एम.२ जागा मिळतात, त्यामुळे आज कमी घेऊन पुढे वाढवता येतं. कीबोर्डचं म्हणाल तर १४ ला नंबरपॅड नसतो. टॅली किंवा आकड्यांचं काम करणाऱ्याला तो खटकेल, आणि बाकीच्यांना डब्ल्यू-ए-एस-डी (गेममध्ये चालण्या-फिरण्याच्या कळा) पडद्याच्या मध्याजवळ मिळतात म्हणून उलट बरंच वाटेल.

घरी आल्यावर

बदलून घ्यायची मुदत असतानाच तपासा. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडा, तिथे कार्डाचे कमाल वॉट लिहिलेले असतात. पानावरच्या आकड्याशी जुळतात का बघा. मग चार्जर लावून, टर्बो किंवा परफॉर्मन्स मोडमध्ये, एखादा जड गेम सलग अर्धा तास चालवा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सगळ्यांचेच चांगले येतात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वीज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) पॉवरचा आकडा पंचविसाव्या मिनिटाला किती उरतो ते महत्त्वाचं. ११५ चा ७० वर येऊन बसला असेल तर लॅपटॉप मागून एक इंच उचलून पुन्हा बघा. लगेच सुधारला तर दोष हवेच्या वाटेचा, आणि साध्या स्टँडने काम होईल. नाही सुधारला तर परत करा. त्याच वेळी डब्ल्यू-ए-एस-डी वर बोटं ठेवा. तिथे हात ठेववत नसेल तर ते पुढेही कमी होणार नाही. खोलीतले दिवे बंद करून काळ्या पडद्याच्या कडांतून उजेड झिरपतो का तेही पाहून घ्या, आणि मुदत संपेपर्यंत खोका, आतलं थर्माकोल आणि चार्जरच्या पिशव्या फेकू नका.